सर्व्हर अद्ययावत करणे, दूरस्थ
सर्व्हरजवळ न जाता, नेटवर्कवरून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम नव्या आवृत्तीवर नेण्याची पद्धत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत तिचे मोल विशेष आहे. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातील यंत्र अडकले, तर माणूसच पाठवावा लागतो. पावसाळ्यात माळशेज घाटाकडे दरडी कोसळतात, वीजही जाते. काम टाळणेही परवडत नाही : सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची सुरक्षा दुरुस्ती ३० जून २०२४ रोजी थांबली.

एसएसएच ही दूरस्थ लॉगिनची जोडणी तुटली की तिच्यात चाललेले काम अर्धवट राहू शकते. म्हणून ते टीमक्स किंवा स्क्रीन या साधनांत चालवतात. जोडणी गेली तरी ते सर्व्हरवर सुरूच राहते. उबुंटूचे आवृत्तीबदलाचे साधन १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर जादा एसएसएच वाट देऊ करते. मात्र ती फायरवॉलमध्ये मोकळी हवी. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळू नये.

खरी कसोटी रीबूटची. नेटवर्क कार्डाचे नाव बदलले किंवा नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालला नाही, तर सर्व्हर हाकेबाहेर जातो. जुना कर्नल राखून ठेवावा आणि ग्रब या बूटलोडरला नवा कर्नल एकदाच वापरायला सांगावा. कर्नल कोलमडल्यास आपोआप रीबूट होण्याची सोय आधीच केली असेल, तर यंत्र जुन्यावर परतते. १९९८ मध्ये आलेली आयपीएमआय व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टिम बंद असतानाही यंत्र चालू-बंद करू देते. दुर्गम जागी तिचा खर्च सार्थ ठरतो. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी असावा आणि तो परत उतरवून तपासलेला असावा.