रॅमच्या पट्टीचं कूळ

पंखा फिरतो, बीप वाजतो, पण पडदा काळाच. असा संगणक पुण्याच्या शनिवार पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला, की कारागिराचा हात बहुतेकदा आधी खोडरबराकडे जातो. रॅमची पट्टी काढायची, तिच्या कडेचे सोनेरी दात घासायचे, फुंकर मारायची आणि खटके टक्कन बसेपर्यंत ती पुन्हा दाबायची. ओंकारेश्वराजवळच्या एका वाड्याच्या तळमजल्यावर हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. डीडीआर-४ पट्टीला असे २८८ दात असतात. माहिती वाहणाऱ्या एखाद्याच दातावर मळ बसला, तरी सगळं यंत्र अडून बसू शकतं. ही पट्टी इतकी हळवी का, हे तिच्या पूर्वजांकडे गेल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडचा तिचा पूर्वज मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला टिफरॅक १९६० साली कामाला लागला. त्याची स्मृती म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या चिमुकल्या कड्या. एक कडी म्हणजे एक बिट. चुंबकत्व एका दिशेला तर शून्य, उलट दिशेला तर एक. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट. आजच्या ८ जीबीच्या पट्टीत याच्या आठ लाखांहून अधिक पट बिट मावतात. पण मला त्या आकड्यापेक्षा कडीचा स्वभाव मोलाचा वाटतो. तिच्यातला बिट वाचायचा तर तिला शून्याकडे ढकलावं लागतं. ती उलटली तर आत एक होता हे कळतं, पण कळेपर्यंत तो पुसलेलाही असतो. म्हणून वाचलं की लगेच पुन्हा लिहायचं.

कड्या गेल्या, स्वभाव उरला. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली एका ट्रान्झिस्टरवर आणि एका इवल्या कपॅसिटरवर एक बिट ठेवण्याची युक्ती सुचली. आजची पट्टी याच घराण्यातली. कपॅसिटरमधला विद्युतभार वाचताना सांडतो आणि नुसता ठेवला तरी झिरपतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या पट्टीची उजळणी करावी लागते. आपण संगणकासमोर नुसते बसलेलो असतो तेव्हाही ही उजळणी चालूच असते. पाठांतराची परंपरा असलेल्या या पेठेत ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पुढचा पेच रस्त्याचा. प्रोसेसर झपाट्याने वेगवान झाले, पण स्मृतीकडून माहिती यायला वेळ लागायचा. २००० साली मानक ठरलेल्या डीडीआरने घड्याळाच्या ठोक्याची चढती आणि उतरती अशा दोन्ही कडा वापरल्या, आणि त्याच ठोक्यात दुप्पट बिट जाऊ लागले. डीडीआर-४ मध्ये एका तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जाऊ शकतात. तेव्हा एक बिट तांब्याच्या रेघेवर जेमतेम पाच सेंटिमीटर जागा व्यापतो. आठ-आठ बिटांचा जथा त्यांना ठोका देणाऱ्या इशाऱ्याच्या तारेबरोबर एकाच वेळी पोचायला हवा, म्हणून मदरबोर्डवरच्या जवळच्या रेघांना मुद्दाम नागमोडी वळणं देऊन त्यांची लांबी लांबच्या रेघांएवढी केलेली असते. बोर्ड उजेडात तिरपा धरा, त्या दिसतात.

दुसरं कूळ मात्र जथ्याने चाललंच नाही, आणि त्याची एक शाखा नदीपलीकडे गणेशखिंडीत होती. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यातल्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा आपापली स्मृती सांभाळत आणि निरोपांनी बोलत. प्रत्येकीला चार दुवे. दुव्यात जायला एक तार, यायला एक, आणि त्यांवरून बिटामागे बिट, सेकंदाला दोन कोटी. तारा थोड्या, धाव एकेरी.

२००३ च्या सुमारास आलेल्या पीसीआय एक्सप्रेस या जोडणीने हीच रीत घराघरातल्या संगणकात आणली. तिच्या घडणीत बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या अजय भट्ट यांचा मोठा वाटा. इथे घड्याळाची वेगळी तार बिटांच्या सोबत धावत नाही. ठोका बिटांच्या ओघातूनच ओळखला जातो. त्यामुळे एका मार्गाला शेजारच्या मार्गाबरोबर तंतोतंत पोचण्याची सक्ती नाही. मागेपुढे पोचलेले बिट पलीकडे पुन्हा जुळवून घेतले जातात.

२०१९ साली सीएक्सएल नावाच्या मानकाने या दोन कुळांची सोयरीक जुळवली. आता मोठ्या सर्व्हरमध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेवरूनही रॅम जोडता येते. पेठेतल्या दुकानात अजून पट्टीच येते, आणि कारागीर तिचे दात उजेडात धरून पाहतो.