शिसपेन्सिलीची किल्ली

२४ ऑगस्ट १९९८ या दिवशी अमेरिकेतील इंटेल कंपनीने संगणकाचे दोन प्रोसेसर एकदमच बाजारात आणले. पहिला पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३०० ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. एक थोरामोठ्यांच्या घरचा, दुसरा गरिबाघरचा. पण थोड्याच दिवसांत हौशी मंडळींच्या ध्यानात आले की, गरिबाघरचा हा पोरगा थोरल्याच्या बरोबरीने पळू शकतो, फक्त त्याला पळू दिलेले नाही. संगणकाच्या इतिहासातला हा अध्याय मजेदार तर आहेच. पण पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूत जे आहे ते सगळे आपले, की विकणाऱ्याने ‘वापरा’ म्हटले तेवढेच, हा जुनाच प्रश्न त्यात नव्या रूपाने उभा राहतो. मला तो महत्त्वाचा वाटतो.

आधी थोडे गणित. प्रोसेसरचा वेग दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरतो : मदरबोर्डवरील बसचा, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या मार्गाचा वेग, आणि प्रोसेसरचा गुणक. सेलेरॉन ३०० ए ची बस ६६ मेगाहर्ट्झची (अचूक सांगायचे तर ६६ पूर्णांक दोन तृतीयांश) आणि गुणक साडेचार, गुणाकार ३००. १९९० च्या दशकाच्या मध्यास हा गुणक मदरबोर्डवरच्या जंपरने, म्हणजे दोन पिनांवर बसवायच्या चिमुकल्या टोपीने, कोणालाही बदलता येत असे. १३३ चा पेंटियम १६६ वर चालवून पाहणे हा पाच मिनिटांचा खेळ होता. त्यात लबाडांचे फावले. चिपवरचा छाप खरवडायचा, वरच्या वेगाचा छाप मारायचा आणि जादा किमतीला विकायची! ही फसवणूक थांबवायची म्हणून इंटेलने गुणकालाच कुलूप घातले. कारण खोटे नव्हते. मात्र त्याच कुलपाने स्वस्त आणि महाग मालामधली भिंतही पक्की झाली, हे नजरेआड करून चालणार नाही.

मुळात ही भिंत बरीचशी कागदी होती. सिलिकॉनच्या एका चकतीवर एकाच आराखड्याच्या पुष्कळ चिपा तयार होतात. चाचणीत जी जेवढ्या वेगाला टिकेल तेवढा वेग तिच्यावर छापतात. कारखान्याचा हात बसला की पहिल्या वर्गात उतरणाऱ्या चिपा वाढतात, पण बाजारात खप मात्र स्वस्त मालाचाच अधिक. मग ऐंशी गुण मिळवणाऱ्याच्या गुणपत्रिकेवर साठ लिहून त्याला पुढे पाठवायचे! आमच्या शाळाखात्यात असे कोणी केले तर चौकशी लागेल.

सेलेरॉनची गोष्ट तर याहून गमतीची. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅशे, म्हणजे हाताशी ठेवायची जलद स्मृती, मुळीच नव्हती, आणि त्यापायी त्याची टिंगल झाली. म्हणून ३०० ए मध्ये १२८ किलोबाइटची कॅशे चिपवरच बसवली, ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. महागड्या पेंटियम टू ची कॅशे ५१२ किलोबाइटची खरी, पण चिपच्या बाहेर आणि निम्म्या वेगाची. गुणकाला कुलूप होते, बसला नव्हते. इंटेलच्याच ४४० बीएक्स संचाचे मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झची बस देत. अबिट कंपनीच्या बीएच ६ सारख्या बोर्डावर तर पेटी न उघडता, पडद्यावरच ही निवड करता येई. १०० गुणिले साडेचार, म्हणजे ४५०. काही बोर्ड बसचा वेग प्रोसेसरला विचारूनच ठरवत. तिथे लोक बी २१ क्रमांकाच्या पिनेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याचे तोंड बंद करत. सगळ्याच चिपा ४५० पर्यंत पोचत नसत. काहींना व्होल्टेज थोडे वाढवून द्यावे लागे, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा पंखाही मोठा हवा.

एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने जून २००० मध्ये नवा ॲथलॉन आणि स्वस्त ड्युरॉन आणला. त्यांच्या गुणकाचे कुलूप चक्क डोळ्यांना दिसे. चिनीमातीसारख्या पाठीवर ‘एल १’ नावाचे बारीक पूल होते, ते कारखान्यात लेसरने तोडलेले असत. ग्राफाइटमधून वीज वाहते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. (नाव शिसपेन्सिल, पण आत शिसे औषधालाही नाही!) तेव्हा टोकदार पेन्सिलीने ते ठिपके जोडले की कुलूप उघडले. अट एवढीच, की मदरबोर्डवर गुणक बदलण्याची सोय हवी. ६०० मेगाहर्ट्झचा ड्युरॉन अनेकांनी ९०० च्या आसपास चालवला. धोका मात्र होता. चिप उघडीच असल्याने उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा बसवताना तिचे कोपरे तुटत, आणि ठोकळ्याविना चालू केली तर काही सेकंदांत जळून जाई. ऑक्टोबर २००१ च्या ॲथलॉन एक्सपीत कंपनीने पुलांच्या जागी खड्डेच पाडले. मग लोकांनी खड्डे गोंदाने बुजवून वरून चांदीच्या रंगाची विद्युतवाहक रेघ ओढली.

या मंडळींना कोणी चोर म्हटले तर मी मान्य करणार नाही. रेघ ओढून तीच चिप वरच्या वेगाची म्हणून विकणारा चोर खरा. स्वतःच्या टेबलावर ती पळवणारा आपल्याच मालाची परीक्षा घेतो, आणि जळली तर नुकसानही त्याचेच.

२००९ साली मात्र जरा वेगळा प्रकार झाला. एएमडीच्या फेनम टू मालिकेतले दोन आणि तीन कोअरचे काही प्रोसेसर मुळात चार कोअरचेच होते. उरलेले कोअर बंद करून विकलेले. काही मदरबोर्डांवर ‘ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन’ ही सोय चालू केली की झोपलेले कोअर जागे होत. यात सावधगिरी हवी होती, कारण काही कोअर खरोखरच सदोष म्हणून बंद केलेले होते. बंद पडलेला संगणक परवडला. बेरीज चुकवून गप्प राहणारा परवडत नाही.

२०१० मध्ये इंटेलने कुलूप काढण्याचीच दुकानदारी करून पाहिली. पेंटियम जी ६९५१ घेणाऱ्याने पन्नास डॉलरचे कार्ड विकत घ्यायचे, त्यावरचा सांकेतिक क्रमांक भरायचा, की चिपमध्ये आधीपासून असलेली एक मेगाबाइट कॅशे आणि हायपर थ्रेडिंगची सोय खुली होई. टीका झाली आणि २०११ साली योजना गुंडाळली गेली. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या सँडी ब्रिज पिढीत बसचा वेग संगणकाच्या इतर भागांशी असा बांधून टाकला, की तो फारच थोडा वाढवता येई. गुणक मोकळा हवा असणाऱ्याने नावाच्या शेवटी ‘के’ अक्षर असलेला प्रोसेसर चार पैसे जास्त देऊन घ्यायचा, अशी रीत पडली.