मज्जेची साक्ष

कंट्रोल रूममधला काटा जागेवर आला म्हणजे बॉयलरच्या नळीतली गळती बुजली, असे कोराडीचा कोणताही कामगार मानणार नाही. आज ज्या रोगाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्या दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगाच्या औषधांचा इतिहास याच फरकाचा आहे. आम्ही वैद्य नव्हे. जे वाचून आणि विचारून कळले तेवढेच सांगतो.

रक्त तयार होते हाडांच्या पोकळीतील मज्जेत. निरोगी मज्जेत पेशींच्या जोडीला चरबीही असते. या रोगात श्वेतपेशींची अशी दाटी होते की चरबीला जागा उरत नाही, आणि पोटात प्लीहा वाढते. 1865 साली जर्मनीत यावर सोमलाचा द्राव दिला गेला. पुढे क्ष-किरण आले. 1953 साली इंग्लंडातून बुसल्फानची बातमी आली. श्वेतपेशी उतरत, प्लीहा बसे, रोगी कामावर परते. सारे आनंदले.

पण 1960 साली फिलाडेल्फिया शहरात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रोग्यांच्या पेशींत एक खुरटलेले गुणसूत्र दिसले. 1973 मध्ये जॅनेट राऊली यांनी उलगडा केला, की 9 आणि 22 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. आता वैद्यांच्या हाती खूण आली. बुसल्फानने ज्यांचे रक्त सुधारले होते, त्यांच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून पाहावी, तर खूण बहुधा तशीच! रोग गेला नव्हता, दबला होता. आणि काही वर्षांनी तो उसळून येई. त्यातून औषधाची मात्रा जास्त झाली तर मज्जाच ओस पडे.

इमॅटिनिबने हे चित्र पालटले. ते त्या अदलाबदलीतून जन्मलेल्या प्रथिनालाच अडवते. 1998 साली ब्रायन ड्रकर यांनी अमेरिकेत प्रयोग सुरू केला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 300 मिलिग्रॅम वा अधिक मात्रा घेतलेल्या 54 पैकी 53 जणांचे रक्त पूर्ववत झाले होते; आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की 29 जणांच्या मज्जेत खुणेच्या पेशी घटल्या आणि 7 जणांत दिसेनाशा झाल्या. मज्जेतली दाटी ओसरते, चरबी परतते, वाढलेले तंतूही बऱ्याच जणांत विरळ होतात. मात्र गोळी रोज घ्यावी लागते, वर्षानुवर्षे.

आणि इथेच प्रश्न वैद्यकाच्या हातून निसटून पगाराच्या पाकिटात शिरतो. खटल्याच्या काळात नोव्हार्टिसच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे 1,20,000 रुपये होता, देशी कंपन्यांच्या त्याच औषधाचा 8,000 ते 10,000. कंपनी अनेक रोग्यांना औषध फुकट देत होती, हेही सांगितले पाहिजे. परंतु दान आणि हक्क यांतला भेद युनियनवाल्यांना कोणी शिकवायला नको. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली. 2006 साली चेन्नईच्या कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांनी पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) चा आधार घेऊन तिचे अपील नामंजूर केले. देशी गोळ्या बाजारात राहिल्या.