जॉर्जिया ॲन रॉबिन्सन
जॉर्जिया ॲन रॉबिन्सन (१८७९–१९६१) : लॉस एंजेलिस पोलीस दलातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १९१६मध्ये बिनपगारी मेट्रन म्हणून तुरुंगात आल्या, १९१९मध्ये रीतसर नेमणूक झाली. वाईट वाटेला लागू पाहणाऱ्या मुलींना कोठडीत डांबण्यापेक्षा त्या समाजसेवी संस्थांकडे पोचवत; कुठेच सोय लागली नाही, तर सरळ आपल्या घरी नेत. १९२८मध्ये तुरुंगात दोन बायकांचे भांडण सोडवताना एकीने त्यांचे डोके धरून आपटले. दृष्टी गेली, नोकरीही सुटली. तरी निराधार स्त्रिया-मुलींसाठीच्या सोजर्नर ट्रुथ होमचे काम त्यांनी सोडले नाही.