राधानगरीचें धरण आणि दोन भाषांचें दप्तर

राधानगरीचें नांव निघालें कीं भोगावतीचें धरण डोळ्यांपुढें उभें राहतें. शाहू छत्रपतींनीं आपली कन्या राधाबाई अक्कासाहेब यांचें नांव या गांवास दिलें, आणि जलाशयास महाराणी लक्ष्मीबाईंचें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बांधकामास आरंभ झाला; १९१८ च्या सुमारास भिंत चाळीस फुटांवर आली आणि पैशाअभावीं काम थांबलें. ही दगडचुन्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. अशा कामामागें कागदाचेंही एक काम चालतें, त्याकडे मात्र सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं.

करवीर संस्थानाचें दप्तर मराठी, तेंही मोडींत. रेसिडेंटाशीं पत्रव्यवहार मात्र इंग्रजींत. शाहू महाराजांचें शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत आणि पुढें धारवाडास फ्रेझर साहेबांच्या हाताखालीं झालेलें. १८९४ सालीं अधिकार हातीं आला तेव्हां ते वीस वर्षांचेही नव्हते. त्यांचीं इंग्रजी पत्रें आज ग्रंथरूपानें छापलेलीं आहेत. बोलणें मात्र खेड्यांतल्या शेतकऱ्याचें, रांगडें आणि थेट.

या दोन भाषांमधला फरक शब्दकोशांत पाहून सांपडणारा नव्हता. मराठी कारकून वरिष्ठास ‘सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असें लिहून आरंभ करी. इंग्रजी पत्राच्या शेवटीं ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ असे. आणि गंमत अशी कीं, साहेब आपल्याहून कितीतरी खालच्या मनुष्यासही हेंच लिही. त्यांत आज्ञा नसे आणि सेवाही नसे. मराठींत नम्रतेच्या पायऱ्या तू, तुम्ही, आपण या सर्वनामांतच कोरलेल्या. इंग्रजींत सर्वांस एकच सर्वनाम, म्हणून मान राखावयाचा तो संबोधनांत. तेथेंही माप ठरलेलें होतें: छत्रपतींच्या गादीवरील पुरुषास ‘हिज हायनेस’, परंतु ‘मॅजेस्टी’ कधींही नाहीं, तो शब्द सम्राटासाठीं राखलेला. एका शब्दाच्या आडून राज्याचें संस्थान झालें होतें.

खरी अडचण व्याकरणाची. ‘रक्कम मंजूर करावी’ हें मराठी विध्यर्थाचें रूप विनंती, सूचना, कर्तव्य आणि आज्ञा या चारही ठिकाणीं चालतें. अर्थ ठरवितो तो लिहिणाराचा दर्जा. इंग्रजींत त्याच ठिकाणीं ‘मे’, ‘शुड’ किंवा ‘मस्ट’ यांतून एक निवडावा लागतो. रेसिडेंटास लिहितांना ‘शुड’ पडला तर विनंतीची शिकवण होई, आणि ‘मस्ट’ पडला तर उद्धटपणा. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकलेल्या कित्येक पिढ्यांना वाक्य जुळवितां येई, हा सूर मात्र कचेरींतच शिकावा लागे.

उलट दिशेनें इंग्रजीचा कर्मणि प्रयोग मराठी दप्तरांत शिरला. ‘कळविण्यांत येतें कीं’, ‘कारवाई करण्यांत यावी’. कोण कळवितो, कोणीं करावी, याचा पत्ता नाहीं! जुन्या मराठी आज्ञापत्रांत आज्ञा करणारा समोर उभा असे. नव्या वाक्यांत तो खुर्चीमागें लपला. ज्याची जमीन पाण्याखालीं जावयाची त्यास हें वाक्य ऐकून दाद कोणाकडे मागावी हें कसें उमगावें?

बांधावरची भाषा याहून मोकळी. हुकूम, हजेरी, तगाई हे फारसी वळणाचे, मिस्तरी पोर्तुगीजांकडचा, मस्टर आणि ओव्हरसियर इंग्रजांचे, पाट, मोरी, सांडवा हे घरचे. मजुराला कोणताच परका वाटत नसे.

याच राधाबाईंचा विवाह देवासचे तुकोजीराव पवार यांच्याशीं झाला, आणि त्या मराठी दरबारांत १९२१ सालीं ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खाजगी चिटणीस होता. त्या दिवसांचीं पत्रें त्यानें १९५३ मध्यें पुस्तकरूपानें छापलीं. येथें गोऱ्या मनुष्यास देशी दरबाराची रीत शिकावी लागली, हें उदाहरण विरळाच.

१९४७ सालीं रेसिडेंट गेला, १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई प्रांतांत विलीन झालें. राधानगरीच्या धरणाचें काम १९५७ पर्यंत पुरें झालें. ‘कळविण्यांत येतें कीं’ मात्र दप्तरांतून हललें नाहीं.