रोल्स-रॉइस चिलखती मोटार
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश रणगाड्यांच्या शेजारी एक सिल्व्हर घोस्ट रोल्स-रॉइस चिलखती मोटार उभी आहे. श्रीमंतांच्या या मोटारीच्या चासीवर पोलादी पत्रे व फिरता मनोरा चढवून ब्रिटिश नौदलाच्या हवाई विभागाने १९१४ मध्ये हा प्रकार घडवला. अशा वाहनाच्या जीर्णोद्धारात झळाळीपेक्षा चासी क्रमांक मोलाचा. घाईने दिलेला नवा रंग तर जुन्या तुकडीची खूण कायमची पुसतो. चिलखत आणि चासी यांचा इतिहास नेहमी एकच असतो, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये काही रोल्स-रॉइस चिलखते फोर्डसन ट्रकच्या चासींवर चढवली गेली. त्या गाड्या पुढे फोर्डसन म्हणूनच ओळखल्या गेल्या.