घरात जुनी मूर्ती सजवताय? ती 'व्हिंटेज' आहे की पुरावस्तू, हे आधी बघा

इन्स्टाग्रामवर घर सजवण्याचे रील्स बघत असाल, तर हा कोपरा ओळखीचा असेल. पांढरी भिंत, पितळेचं घंगाळ, त्यात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या, शेजारी काळ्या दगडाची थोडी झिजलेली मूर्ती. खाली कमेंट्समध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, 'कुठून घेतली?'

प्रश्न अगदी बरोबर आहे. कारण ती मूर्ती घरात ठेवता येते की नाही, हे त्याच्याच उत्तरावर ठरतं.

हिंगोलीत हा विषय का निघतो?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण इथली शिल्पं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. औंढा नागनाथचं मंदिर सगळ्यांनाच माहीत आहे. त्याचा खालचा दगडी भाग यादवकाळातला, साधारण १३व्या शतकातला. बाहेरच्या भिंतींवर हत्ती, देवदेवता, सुरसुंदरी अशी शिल्पं ओळीने कोरलेली आहेत. वरचा विटा-चुन्याचा भाग नंतरच्या काळातला. अशा मंदिरांना आपण 'हेमाडपंती' म्हणतो, ते यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याच्या नावावरून.

पण त्या काळातले सगळे कोरीव दगड मोठ्या मंदिरातच राहिलेले नाहीत. मराठवाड्यातल्या अनेक गावांत पारावर, वेशीजवळ, ओढ्याकाठी वीरगळ उभे दिसतात. लढाईत किंवा गावची गुरं वाचवताना मेलेल्या माणसाचं हे स्मारक. वाचायची रीत खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेताना, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना आणि बाजूला चंद्र-सूर्य. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरला असेल, तर तो सतीचा दगड. कित्येक गावांत त्यांना शेंदूर लावून देव केलंय आणि त्यामुळेच ते टिकलेत, हेही खरं.

अडचण येते ती कुणाचंच लक्ष नसलेल्या दगडाची. 'नाहीतरी पडूनच होता' म्हणत तो आधी फार्महाउसच्या बागेत जातो, मग कुणाच्या तरी हॉलमध्ये. तिथे तो छान दिसतो, पण कुठल्या गावच्या कुठल्या लढाईचा, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आणि गावातला किंवा देवळातला दगड परस्पर उचलणं ही सरळ चोरीच आहे.

कायदा काय म्हणतो?

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ साली झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार किमान १०० वर्षं जुनं शिल्प, नाणं, चित्र, शिलालेख किंवा कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावस्तू. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. 'व्हिंटेज' हा शब्द कायद्यात नाहीच. तो बाजाराचा शब्द आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुरावस्तू घरात असणं हा गुन्हा नाही. पणजोबांच्या वाड्यातली मूर्ती तुमची असू शकते. मात्र दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत आणि लाकूड यांतल्या जुन्या शिल्पांची नोंदणी करावी लागते. फोटोंसह अर्ज केला की नोंदणीचा दाखला मिळतो. पुढे ती वस्तू दुसऱ्याला दिली तर तेही कळवावं लागतं. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पाठवल्या तर ६ महिने ते ३ वर्षं तुरुंगवास. नोंदणीबद्दल विचारायचं असेल तर हिंगोलीकरांसाठी राज्य पुरातत्त्व विभागाचं जवळचं कार्यालय नांदेडला आहे.

विहीर खोदताना किंवा शेत सपाट करताना जेसीबीच्या दातांना मूर्ती लागली तर? जमिनीत दडलेल्या वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. सापडलेल्या वस्तूची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. (हे १० रुपये १८७८ मधले आहेत, त्यामुळे आज यातून काहीच सुटत नाही.) व्यवहारात सुरुवात तलाठी किंवा पोलीस पाटलापासून करता येते. मूर्ती धुऊ नका, घासू नका, जागेचा फोटो मात्र आधी काढून ठेवा.

मग घरात जुनं काय ठेवायचं?

खरं तर भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं माळ्यावर पडलेलं असतं. समई, लामणदिवा, अडकित्ता, पानाचा डबा, कुंकवाचा करंडा. मोर किंवा घोड्याच्या आकाराचा अडकित्ता हे हातात मावणारं शिल्पच असतं. महालक्ष्म्यांचे जुने पितळी मुखवटे बघा. वर्षातले तीन दिवस सोडले तर ते पेटीत असतात. घरच्यांची हरकत नसेल तर काचेच्या कपाटात ते फार देखणे दिसतात.

यातलं बहुतेक सामान आज भांड्यांच्या दुकानात मोडीत जातं. तिथे नक्षी मोजत नाहीत, वजन मोजतात. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अशाच घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, जे लोकांना अडगळ वाटत होतं ते सगळं. १९६२ मध्ये त्यांनी तो संग्रह राज्य सरकारला दिला. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. मोडीत घालण्याआधी ते एकदा बघून यावं.

वाडा पाडताना दाराची गणेशपट्टी निघते, तीही जळणात घालू नका. वाळवीवर औषध मारून घेतलं की भिंतीवर दुसरं काही लागत नाही. वाडा १०० वर्षांहून जुना असेल तर नोंदणीचं तेवढं विचारून घ्या.

आणि नवीन?

आधुनिक शिल्प म्हणजे महागडी गॅलरी असं काही नाही. पोळ्याला आठवडी बाजारात मिळणारी मातीची बैलजोडी पुस्तकांच्या फळीवर वर्षभर राहू शकते. बस्तरची ढोकरा कामातली पितळी शिल्पं प्रदर्शनांत मिळतात. त्यात मेणाची आकृती करून वर माती थापतात, तापवल्यावर मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडूनच मूर्ती काढायची, त्यामुळे दुसरी हुबेहूब तशी निघत नाही. मोहेंजोदडोची १०.५ सेंटिमीटर उंचीची नर्तिका याच पद्धतीने घडलेली आहे.

शिल्पं घरात कशी मुरतात हे बघायचं तर अलिबागजवळच्या सासवण्याला जा. शिल्पकार वि. पां. करमरकर (१८९१–१९६७) यांचं घर आता संग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. या घरात मात्र अंगणापासून खोल्यांपर्यंत साधी माणसं आणि जनावरं भेटतात आणि त्यातली बरीचशी चक्क सिमेंटची आहेत.

ठेवताना वजनाचा अंदाज घ्या. काळ्या दगडाचा एक घनफुटाचा तुकडा ८० किलोच्या आसपास भरतो, तो नाजूक टीपॉयवर ठेवायचा नसतो. उजेड समोरून नको, बाजूने पडू द्या, म्हणजे कोरीव काम उठून दिसतं. प्लास्टरला पाणी लावू नका. जुन्या पितळेला दर आठवड्याला चिंच-पावडर चोळली की चेहऱ्यावरची नक्षी पुसट होत जाते. कोरड्या ब्रशने धूळ झटकली तरी पुरतं.

विकत घेताना

'अँटिक' म्हणून विकली जाणारी बरीच मूर्ती रसायनं लावून काळी केलेली नवीन असते. सजावटीसाठी त्यात वाईट काही नाही, फक्त पैसे नव्याचे द्या. पण विक्रेता खरंच 'देवळातली आहे, जुनी आहे' असं हळू आवाजात सांगत असेल, तर तिथून निघा. कागद नसलेली मूर्ती मोठमोठ्यांनाही महागात पडली आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये ५० लाख डॉलरला एक नटराज घेतला. तो तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन गावच्या मंदिरातून चोरलेला निघाला आणि २०१४ मध्ये भारताला परत करावा लागला. तो विकणारा न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याला २०२२ मध्ये मूर्तिचोरीच्या प्रकरणात कुंभकोणमच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा सुनावली.

त्यामुळे नवीन मूर्तीचीही पावती जपून ठेवा आणि त्यावर 'नवीन बनावट' असं लिहून घ्या. उद्या पुण्याहून मुलगा अमेरिकेला जाताना ती बॅगेत घालून न्यायची ठरली आणि विमानतळावर कुणी जुनी म्हणून अडवली, तर ही पावती दाखवता येते. मूर्ती अगदीच जुन्यासारखी दिसत असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. तिकीट काढल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी अर्ज करा.